राजमाचीवरून खालची उल्हास नदी बघायचीये, आईला घेऊन. कधी आणि कसं जावं?

मुक्ता_कोथरूड
९ सप्टेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आज निवांत बसून लिहितेय, जरा लांबेल.

आईचं माहेर कर्जतजवळ कोंदिवड्याच्या बाजूला, उल्हास नदीच्या काठी. लग्न होऊन पुण्यात आली त्याला आता चाळीस वर्षं झाली. लहानपणी ती धुणं घेऊन नदीवर जायची तेव्हा मान वर केली की राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले दिसायचे, श्रीवर्धन आणि मनरंजन, पण घरात ही नावं कोणी घेतच नसे, सगळे नुसतं 'वरचा किल्ला' म्हणायचे. ढग किल्ल्याच्या खाली उतरले की आजोबा म्हणायचे आज वाळवणं आत घ्या. वरच्या वाडीतली माणसं मीठमिरची न्यायला डोक्यावर ओझं घेऊन खाली उतरायची, कधी कधी यांच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकायची, आणि आई त्यांना विचारायची की वरून आमचं घर दिसतं का हो. ते म्हणायचे दिसतं की. ती स्वतः मात्र एकदाही वर गेली नाही, तेव्हा मुलींना कोण पाठवणार.

अजूनही आम्ही ट्रेनने मामाकडे निघालो की खंडाळा सुटल्यावर ती उजव्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसते, समोर दरीपलीकडे किल्ला दिसतो तेवढी दहा मिनिटं कोणाशी बोलत नाही. मध्ये एकदा बाबांनी तिला हौसेने खंडाळ्याच्या 'राजमाची पॉइंट'ला नेलं होतं, तिला वाटलं किल्ल्यावरच चाललोय, आणि तिथे पोचल्यावर किल्ला परत समोर लांबच. काही बोलली नाही पण तोंड एवढंसं झालं होतं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी म्हटलं आधी आपण जाऊन बघून येऊ. एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेले, शंभराच्या वर माणसं, लोणावळ्यातून चालत, गुडघाभर चिखल, आणि श्रीवर्धनच्या माथ्यावर पोचलो तर चारी बाजूंना नुसतं पांढरं. समोरचा मनरंजनसुद्धा दिसला नाही, नदी तर लांबच. वर दहा मिनिटं थांबलो आणि लगेच चला चला म्हणून खाली उतरवलं.

आई आता ६४ वर्षांची आहे. तब्येत चांगली, रोज सकाळी तासभर चालते, पण उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. यावर्षी काहीही करून तिला वरून नदी दाखवायचीच आहे. तर विचारायचंय की १) कुठल्या महिन्यात गेलं तर दरी नक्की दिसेल, २) गाडी किती जवळ जाते, ३) शेवटची चढण तिला झेपेल का आणि दोन बालेकिल्ल्यांपैकी एकच करायचा तर कुठला. राहायची तयारी आहे. प्लीज ज्यांनी घरच्या वयस्कर माणसांना नेलंय त्यांनी आवर्जून सांगा.


डोंगरवाट
१० सप्टेंबर, सकाळी ७:१५

ताई, तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलो. मी राजमाची वीसेक वेळा तरी केली असेल, दोनदा वडलांना घेऊन, त्यामुळे माझ्या अनुभवाचं सांगतो.

जुलैत तुम्हाला काही दिसलं नाही यात नशिबाचा भाग नाही, त्या महिन्यात तिथे असंच असतं. उल्हासची ही दरी तीन बाजूंनी कड्यांनी बंद आहे, तोंड फक्त कर्जतच्या बाजूला उघडं. समुद्रावरून येणारे ढग त्या तोंडातून आत शिरतात आणि पुढे जायला वाट नाही म्हणून कड्यांना धरून वर चढतात, आणि वर चढताना पहिले सापडतात ते हे दोन बालेकिल्ले. म्हणून आजोबा किल्ल्याकडे बघून पाऊस सांगायचे ते अगदी बरोबर होतं. राजमाची म्हणजे पावसाळा असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि धबधबे बघायचे असतील तर ठीकच आहे, समोरच्या कड्यावरून कातळधार कोसळताना दिसली की जन्मभर लक्षात राहते, पण ती दिसायलासुद्धा ढग क्षणभर बाजूला व्हावे लागतात. आणि निसरडं, ओढ्यांना अचानक येणारं पाणी, शनिवार-रविवारची गर्दी, यात आईंना नेऊ नका.

सप्टेंबरअखेर सोनकी फुलते, सगळा डोंगर पिवळा होतो, पण तेव्हाही दुपारनंतर ढग भरून येतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विजांचा पाऊस असतो, उघड्या माथ्यावर तो फार वाईट. माझ्या मते दिवाळीच्या आसपास ते डिसेंबर मध्यापर्यंत जा. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, गवत अजून हिरवट-सोनेरी असतं आणि नदीला पाणी असतं. जानेवारीनंतर खाली कोकणात धुरकट व्हायला लागतं आणि मार्चमध्ये तर कर्जतच दिसत नाही धड.

रस्ता. लोणावळ्यातून तुंगार्ली, मग वळवण धरणाच्या बाजूने फणसराईकडून उधेवाडी. उधेवाडी हे किल्ल्याच्या माचीवरचं गाव, आईंची 'वरची वाडी' हीच. साधारण पंधरा किलोमीटर, बहुतेक सपाट, पण कच्चा आणि खडबडीत. आपली हॅचबॅक न्यायच्या भानगडीत पडू नका, खालून घासते आणि मध्येच अडकलात तर फोनलाही रेंज नाही. लोणावळ्यातून जीप ठरवा, गावात ज्यांच्याकडे राहणार त्यांनाच सांगितलं तर ते गाडी पाठवतात. पाऊस संपल्यावर रस्ता दुरुस्त झालाय का तेही त्यांनाच विचारा, कारण दरवर्षी पहिल्या काही आठवड्यांत ओढ्याजवळ वाहून गेलेला असतो. आणि हादरे भरपूर बसतात, आईंना पुढच्या सीटवर बसवा, पाठीला उशी द्या.

चढण. गावातून भैरवनाथाच्या देवळापर्यंत आपल्याला पंधरा-वीस मिनिटं, आईंना अर्धा-पाऊण तास धरा. देऊळ दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत आहे, तिथून एका बाजूला श्रीवर्धन आणि एका बाजूला मनरंजन. श्रीवर्धन उंच, वर जायला अर्धा-पाऊण तास, पायऱ्या काही ठिकाणी तुटलेल्या. मनरंजन ठेंगणा आणि चढायला सोपा. एकच करायचा असेल तर मी डोळे झाकून मनरंजन म्हणेन, कर्जतची बाजू तिथून छान मोकळी दिसते. माझ्या वडलांना पहिल्या वेळी मी हट्टाने श्रीवर्धनला नेलं आणि उतरताना त्यांचे पाय थरथरायला लागले, दुसऱ्या वेळी नुसता मनरंजन केला, दोन तास वर बसलो, ते जास्त खुश होते.

राहायचं ठरवताना दोन गोष्टी आधी फोनवर विचारा, खाट आहे का आणि कमोड आहे का. बाकी पिठलं, भाकरी, ठेचा, गरम भात सगळं मिळतं पण गुडघा दुखणाऱ्या माणसाची रात्र या दोन गोष्टींवर ठरते.


काजवा_२२
१० सप्टेंबर, दुपारी १:०५

मे एंडला किंवा जूनच्या सुरुवातीला न्या ना, काजवे बघून काकू खुश होतील. झाडंच्या झाडं लुकलुकतात एका तालात, मी दोनदा गेलोय.


डोंगरवाट
१० सप्टेंबर, दुपारी १:४०

@काजवा_२२ काजवे सुंदरच असतात पण त्यांना नदी बघायचीये ना. शिवाय त्या शनिवारी-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, लोक हेडलाईट आणि टॉर्च मारत फिरतात, त्या उजेडात काजवे बिचकतात, त्यांचं जोडीदार शोधणंच थांबतं. मी तर आता त्या दिवसांत जाणं सोडलंय.


पेठेतला
१० सप्टेंबर, रात्री ९:३०

मुक्ताताई, वाटेची माहिती वर आलीच आहे, मी जरा किल्ल्याबद्दल लिहितो, कारण आई आयुष्यभर ज्याच्याकडे खालून बघत होत्या तो तिथे का आहे हे त्यांना वर बसून सांगता आलं तर मजा येईल.

राजमाची म्हणजे बोरघाटाचा पहारेकरी. कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरं, तिथे उतरलेला माल घाट चढून जुन्नर, तेर, पैठणकडे जायचा. तो घाट ज्याच्या ताब्यात त्याला जकात. म्हणून या वाटांच्या आजूबाजूला एवढी लेणी, वर कार्ले, भाजे, बेडसे आणि खाली तुमच्या आजोळाजवळ कोंढाणे. कोंढाण्याची लेणी राजमाचीच्याच पोटात आहेत म्हटलं तरी चालेल, इसवी सनापूर्वीची, चैत्यगृहाचे बरेच खांब तुटलेत पण दर्शनी भागातलं लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल केलेलं कोरीवकाम अजून बघत राहावं असं आहे. तिथे एका मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलीये, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपलं आणि आपल्या गुरूचं नाव लिहून ठेवलंय. मला ती ओळ पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा अंगावर काटा आला होता.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली त्या सुमारास लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्याबरोबर राजमाचीही स्वराज्यात आला. १७१३ मध्ये शाहू महाराज आणि कान्होजी आंग्रे यांच्यात बाळाजी विश्वनाथांनी तह घडवून आणला तेव्हा राजमाची आंग्र्यांकडे राहिला, १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांकडे आला. आणि एक गोष्ट पुण्याशी थेट जोडलेली. पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले पण कित्येकांना ते खरं वाटत नव्हतं, त्यातून भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याला माणसं मिळाली, कोकणातले किल्ले मिळाले, आणि १७७६ मध्ये तो बोरघाट चढून राजमाचीवर येऊन बसला. म्हणजे पुण्याच्या दारातच. पेशव्यांच्या फौजेने त्याला हटवलं, पुढे पकडून पुण्यातच देहदंड दिला. मी राजमाचीवर गेलो की मला नेहमी हा प्रसंग आठवतो, वर बसून पुण्याकडे बघणारा तो माणूस आणि इकडे वाड्यात वाट बघणाऱ्या भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, हे सगळं फार जवळचं वाटतं. १८१८ ला मग इंग्रज आले आणि किल्ल्याचं काम संपलं.

बघायचं काय तर मनरंजनावर छप्पर गेलेली दगडी इमारत आहे, दारावर गणपती कोरलाय, आणि पाण्याची टाकी. श्रीवर्धनला गेलातच तर वरचा चिलखती बुरूज चुकवू नका, एका तटाच्या बाहेर दुसरा तट, बाहेरचा पडला तरी आतला लढता ठेवायचा असा. गावाजवळ तळं आणि त्याच्या काठी शंकराचं जुनं देऊळ आहे, गोमुखातून पाणी येतं. ते सपाटीवर आहे, आईंना संध्याकाळी तिथे न्या, तिथे कोणी फारसं जात नाही.

अजून एक, विषय जरा वेगळा पण नदीचा आहे म्हणून सांगतो. लोणावळ्याकडून उधेवाडीला जाताना तुम्ही पाणलोटाच्या कण्यावरून चालत असता. लोणावळ्याच्या बाजूला पडलेलं पाणी इंद्रायणीला, तिथून भीमेला, कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. कड्याच्या या बाजूला पडलेलं पाणी उल्हासमधून कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला, अरबी समुद्राला. त्यात पुन्हा वळवणला इंद्रायणी अडवून टाटांनी १९१५ मध्ये तिचं पाणी पाईपांनी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं, म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. आई पुण्याच्या आणि माहेर उल्हासचं, त्यांना हे ऐकायला आवडेल असं वाटतं.


कर्जतची_लेक
११ सप्टेंबर, सकाळी ११:२०

अगं मुक्ता, मी पण कर्जतचीच, आता सिंहगड रोडला. तुझ्या आईचं 'वरचा किल्ला' वाचून मला भरून आलं, आमच्याकडे पण हेच म्हणायचे.

मी लग्नानंतर नवऱ्याबरोबर पहिल्यांदा वर गेले तेव्हा सगळ्यात आधी काय झालं सांगते, मला नदी सापडेचना! खालून ती एवढी मोठी वाटायची आणि वरून नुसती झाडी, शेतं, फार्महाऊसचे निळे निळे पत्रे. तर आईंना सांग आधी रेल्वे शोधायची. समोरच्या डोंगराच्या कुशीत ठाकूरवाडी, मंकी हिलची लाईन दिसते, बोगद्यातून गाडी बाहेर येते परत आत जाते, तिचा आवाज पण वरपर्यंत येतो. १८६३ ची लाईन आहे ती, माझे आजोबा रेल्वेत होते म्हणून आम्हाला पाठ. मग नजर उजवीकडे खाली कर्जतकडे न्यायची, दरी जिथे रुंद होते तिथे नदीची वळणं चमकायला लागतात, तिथून मागे मागे येत कोंदिवडे. कोंढाण्याची लेणी मात्र वरून नाही दिसत, झाडीत आहेत.

आणि वेळ फार महत्त्वाची. अगदी सकाळी किल्ल्याचीच सावली दरीत पडलेली असते, खाली सगळं काळपट. संध्याकाळी ऊन समोरून डोळ्यात येतं. साडेनऊ-दहाला मात्र ऊन आपल्या पाठीवरून खाली दरीत पडतं तेव्हा एकेक घर ओळखू येतं. म्हणून आदल्या दिवशी जाऊन राहाच, सकाळी घाई करू नका.

आम्ही लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत अंगणातून आरशाने किल्ल्यावर कवडसा पाडायचा प्रयत्न करायचो, वर कोणाला दिसतो का कधी कळलंच नाही.

मला वाटतं जाताना जीपने जा आणि येताना कोंढाणे लेण्यांच्या वाटेने खाली उतरून थेट तिच्या माहेरी जा. दोन-अडीच तास लागतात. स्वतःच्या पायांनी वरच्या किल्ल्यावरून खाली माहेरी, किती छान होईल बघ.


फिजिओ_औंध
११ सप्टेंबर, दुपारी ४:००

कल्पना मनाला भिडणारी आहे पण कृपया हे करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ती वाट उतरलेही आहे. गुडघा दुखणाऱ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो कारण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं, आणि काकूंना जिना उतरताना दुखतं असं ताईंनी स्वतःच लिहिलंय. कोंढाण्याची वाट सलग तीव्र उताराची, सुटे दगड, वर पालापाचोळा. आपल्याला दोन-अडीच तास तर त्यांना पाच. मध्येच पाय धरला तर उचलून आणण्याशिवाय मार्ग नाही.

आजपासून दोन महिने आहेत तर हे करा. त्यांना खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच आकडे धरायचा, रोज दोन्ही पायांचे दहा-पंधरा वेळा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तेवढंच. आठवड्यातून दोनदा तळजाई किंवा हनुमान टेकडी, हळूहळू. एकदा डॉक्टरांना गुडघा दाखवून घ्या. आणि दोन काठ्या घ्या, एक नाही, उतरताना दोन्ही हातांनी भार घेता आला की खूप फरक पडतो.

माहेरी जायचंच असेल तर जीपने लोणावळ्याला या आणि तिथून कर्जतला थांबणारी ट्रेन पकडा. उजवीकडची खिडकी. सकाळी ज्या किल्ल्यावर होत्या तोच दुपारी खिडकीतून दिसेल.


कर्जतची_लेक
११ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

बरोबर आहे तुमचं, मी भावनेच्या भरात लिहिलं. ट्रेनचं छानच आहे. मुक्ता, तेच कर.


मुक्ता_कोथरूड
११ सप्टेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. पार्वतीबाईंचं ऐकून ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली बलकाचं लेणं आम्ही गुरं शोधायला जायचो तिथलंच, आम्हाला कोणी सांगितलं नाही तिथे नाव लिहिलंय म्हणून. व्यायाम उद्यापासून सुरू. नोव्हेंबरचा शनिवार-रविवार सोडून मधला वार धरतोय.


मुक्ता_कोथरूड
२३ नोव्हेंबर, रात्री ९:००

जाऊन आलो! मंगळवारी-बुधवारी. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना सगळं सांगायचंय.

लोणावळ्यातून जीपने निघालो, मी, आई आणि माझा भाऊ. पहिले काही किलोमीटर ठीक, पुढे ओढ्याजवळ रस्ता खरंच खराब होता, पाऊण तासाचं अंतर दीड तास. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी आईला विचारलं कुठल्या तुम्ही, आईने गाव सांगितलं, तर त्यांच्या सासूबाई आतून बाहेर आल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बाजाराला खाली कर्जतलाच उतरायच्या. कुठल्या ओसरीवर थांबायचो, कुणाची विहीर, कुणाचं आंब्याचं झाड, दोघींचं संध्याकाळभर तेच. आजोबांचं नाव त्यांना आठवत नव्हतं पण 'ते उंच, पागोटं बांधायचे ते' एवढं त्या म्हणाल्या आणि आईने पदर डोळ्याला लावला. तळ्याकाठच्या देवळात जायचं राहूनच गेलं त्यामुळे, सकाळी उतरल्यावर गेलो.

सकाळी सव्वासातला निघालो. भैरवनाथापर्यंत पाऊण तास, तिथे बसून चहा (थर्मास नेला होता). मनरंजन चढायला आईला चाळीस मिनिटं लागली, एका ठिकाणी दोन पायऱ्यांमधलं अंतर जास्त होतं तिथे भावाने हात दिला, बाकी तिची ती चढली, दोन काठ्यांनी. श्रीवर्धनचा विषय तिने स्वतःच काढला नाही. भाऊ मात्र नंतर एकटा पळत जाऊन चिलखती बुरूज बघून आला.

वर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि खाली खरंच सगळं सावलीत, निळसर, पातळ धुकं नदीच्या रेषेवर धरलेलं. आई म्हणाली ते धुकं आहे ना तीच नदी, आम्ही सकाळी पाण्यात पाय घातला की त्यातच असायचो. रेल्वे शोधायची गरजच पडली नाही. मग हळूहळू ऊन खाली उतरत गेलं आणि धुकं वर उठून विरलं, आणि नदीची वळणं दिसायला लागली एकेक करून, जशी कोणी पुसून काढतंय. शेतं कापलेली होती, पेंढ्यांचे ढीग दिसत होते.

घर मात्र काही केल्या सापडेना. किती नवीन घरं झालीयेत, सगळीकडे पत्रे. आई बोट दाखवायची, परत म्हणायची नाही ते नव्हे. तिचा आवाज बारीक व्हायला लागला होता. पण आम्ही एक करून ठेवलं होतं, @कर्जतची_लेक तुझ्यामुळे. मामाला आधीच सांगितलं होतं की साडेनऊपासून गच्चीवर आरसा घेऊन उभा राहा आणि किल्ल्याच्या दिशेने हलवत राहा. वर रेंज येत-जात होती त्यामुळे फोन लागला नाही, नुसतंच बघत बसलो. नऊ चाळीसला भावाला दिसलं, नदीच्या एका वळणाच्या थोडं अलीकडे, चिंचेच्या झाडांच्या मागे, एक ठिणगी, गेली, परत आली. तीनदा, चारदा. आईने काठ्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात वर करून हलवले, मामाला काय दिसणार होतं, पण ती हलवत राहिली. मग म्हणाली, दिसतं की. वरच्या वाडीतली माणसं खोटं नव्हती सांगत.

तास-दीड तास बसलो. शेजारी दोन घारी खालून वर येत होत्या, आपण वरून त्यांची पाठ बघतोय हे आईला फार नवल वाटलं.

उतरताना गुडघा दुखला थोडा, पण नीट उतरली. @फिजिओ_औंध व्यायामाचा खरंच उपयोग झाला, दोन काठ्यांचा तर फारच. दुपारी लोणावळ्यातून ट्रेन, उजवी खिडकी. या वेळी ती गप्प बसली नाही, समोरच्या अनोळखी बाईंना दाखवत होती, तो बघा ठेंगणा आहे ना, त्याच्यावर होते मी सकाळी.

जाणाऱ्यांसाठी, वर पाणी भरपूर न्या, टाक्यातलं पिण्यासारखं नव्हतं. सकाळी वारा बोचतो, कानटोपी हवीच. मधल्या वारी गेल्याने किल्ल्यावर आमच्याशिवाय फक्त दोन कॉलेजची मुलं होती. आणि प्लास्टिकच्या बाटल्या बऱ्याच पडल्या होत्या, पोतंभर आम्ही खाली आणल्या, जमलं तर तुम्हीही एखादं रिकामं पोतं बरोबर न्या.


डोंगरवाट
२३ नोव्हेंबर, रात्री ९:४५

ताई, दोनदा वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा. घारींची पाठ हे अगदी खरं.


पेठेतला
२४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

पुढच्या खेपेला आईंना कोंढाणे लेण्यात खालच्या बाजूने न्या, मामांच्या घरून जवळच आहे, वाट बेताची आहे. ती बलकाची ओळ दाखवायची राहिलीये. मी येतो हवं तर वाचून दाखवायला.


कर्जतची_लेक
२४ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मुक्ता मी रडतेय इथे ऑफिसात. म्हणजे आमचा कवडसा वर पोचत होता! आरसा केवढा होता ग मामांचा?


मुक्ता_कोथरूड
२४ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

दाढीचा. तळहाताएवढा.